पेन्सिलीखालचा चेहरा

सिरक्याचा वास आला की माझे पाय आपोआप थबकतात. बसस्थानकाकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळी पाचच्या सुमारास चायनीजची एक गाडी लागते. कढईत कोबी पडते, बाटलीतून सिरक्याची धार सुटते आणि नाकाच्या शेंड्याला टोचणारा तो आंबट वास रस्ताभर पसरतो. गाडीभोवती उभ्या असलेल्या पोरापोरींना त्या वासानं भूक लागते, माझी मात्र असलेली भूकही मरते. गाडीच्या मागे आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. वाळत घातलेल्या कपड्यांसारखी ती रंगीबेरंगी कव्हरं दारात लटकत असतात. पूर्वी तिथे कॅमेऱ्यांचं दुकान होतं, आणि त्या दुकानाच्या पोटातल्या अंधाऱ्या खोलीला अगदी हाच वास यायचा. फोटो धुताना एका ट्रेमध्ये सिरक्यासारखंच पातळ आम्ल ठेवतात, हे मला फार उशिरा कळलं. तोवर माझी पक्की समजूत होती की दुकानदार दार लावून आत लोणचं खात बसतात.

भंडाऱ्यात अशी तीन दुकानं होती. आज एकही नाही. पहिल्याचं फ्लेक्सचं दुकान झालं. तिथे आता वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे हसरे चेहरे छापले जातात, चौकात आठ दिवस टांगले जातात आणि मग कुणाच्या तरी गोठ्यावर पावसाची आड म्हणून जातात. दुसऱ्याच्या मालकानं आधी झेरॉक्सचं मशीन आणलं, मग लॅमिनेशन, मग सरकारी फॉर्म भरून देणं, आणि एक दिवस पाहतो तर काचेच्या कपाटातले कॅमेरे जाऊन तिथे शाळेच्या वह्या आल्या होत्या. तिसरं दुकान हे, भाऊंचं. आमच्याकडे दुकानदाराला, रिक्षावाल्याला, अगदी कोर्टातल्या शिपायालाही भाऊच म्हणतात, पण यांना सगळं शहर भाऊ म्हणायचं ते जरा निराळ्या सुरात. ते दुकान शेवटपर्यंत कॅमेऱ्याचंच राहिलं. पाटीवर लिहिलेलं होतं, कॅमेरे, रोल, दुरुस्ती, पासपोर्ट फोटो तात्काळ. तात्काळ म्हणजे परवा.

त्या दुकानात शिरायला दोन पायऱ्या चढाव्या लागत. डाव्या हाताला काचेचं कपाट, त्यात चामड्याच्या खोळीतले कॅमेरे, आणि प्रत्येक खोळीशेजारी कापडाची एक पुरचुंडी. त्या पुरचुंडीत भाजलेले तांदूळ असत. दमट हवेनं काचेला बुरशी लागते, आणि आमचा तर जिल्हाच तलावांचा. गावोगावी पाणी साचलेलं, चार महिने भिंतीसुद्धा घाम गाळतात. नागपूरचे व्यापारी कसल्याशा पांढऱ्या खड्यांच्या पुड्या देत, पण भाऊंचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. दर आठवड्याला घरून तांदूळ भाजून आणायचे आणि पुरचुंड्या बदलायच्या. कुणी हसलं तर म्हणायचे, "हसू नका. हा तलावायचा जिल्हा हाये. इथं मानसाच्या आधी काच बिमार पडते."

उजव्या हाताला पडदा सरकवला की फोटो काढायची खोली. मोहाडीहून, अड्याळहून, कुठून कुठून माणसं एसटीनं यायची, पिशवीत इस्त्रीचे कपडे घडी करून आणायची आणि इथे येऊन बदलायची. दोरीला बांधलेला कंगवा, पावडरचा डबा, आणि खुंटीवर एक काळा कोट. त्या एका कोटात अर्ध्या जिल्ह्यातल्या नवरदेवांनी फोटो काढून घेतले असतील. बारक्याच्या अंगावर तो मागून टाचण्या लावून बसवायचा आणि जाड्याच्या अंगावर नुसता पुढून ठेवायचा. मागच्या पडद्यावर एक तलाव रंगवलेला होता, त्यात दोन हंस. ज्यांच्या घराच्या मागच्या दारातच तलाव, ती माणसं दहा कोस येऊन रंगवलेल्या तलावापुढे ताठ उभी राहत होती. मीही राहिलोय. हसायला मी कोण?

पण भाऊंचं खरं कसब ना या खोलीत होतं, ना त्या आंबट वासाच्या खोलीत. ते होतं मागच्या खिडकीपाशी. तिथे उतरत्या फळीचं एक छोटं मेज होतं, मधोमध चौकोनी भोक पाडून त्याला काच बसवलेली, खाली आरसा. सकाळी नऊ ते अकरा पूर्वेचा उजेड त्या आरशावर पडायचा आणि काचेवर ठेवलेली निगेटिव्ह खालून उजळायची. भाऊ डोळ्याला भिंग लावून बसायचे. हातात सुईसारखं लांब टोक काढलेली पेन्सिल. निगेटिव्हवर बोटानं हलकासा लेप द्यायचा आणि त्यावर इतक्या बारीक रेघा ओढायच्या की श्वास जोरात सुटला तरी बिघडेल. चेहऱ्यावरची पुटकुळी, डोळ्याखालची काळी छटा, गालावरचा खळगा, निगेटिव्हवर जे जे फिकं दिसेल ते पेन्सिलीनं भरून काढायचं. मग छापलेल्या फोटोत तो चेहरा लोण्यासारखा सपाट येतो. याला टचिंग म्हणत. लग्नाच्या मुलीचा फोटो टचिंगशिवाय दुकानाबाहेर पडत नसे. तो रिवाजच होता. त्यात कुणाला खोटं काही वाटत नसे, जसं पाहुण्यांपुढे ठेवायच्या सुपातले वरचे तांदूळ निवडून ठेवण्यात वाटत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचा फोटो त्याच मेजावर टच झाला. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात, मीही तिला बाईच म्हणत आलो, आणि इथेही तेवढंच म्हणतो. बाई सात-आठ वर्षांची असताना तिला देवी आल्या. ती वाचली, पण देवी जाताना तिच्या चेहऱ्यावर सगळीकडे आपले वण ठेवून गेल्या. कपाळ, गाल, नाकाचा शेंडा, हनुवटी. त्यानंतर थोड्याच वर्षांनी तो रोग जगातूनच गेला म्हणतात. जायचाच होता तर थोडा आधी गेला असता, असं आई आयुष्यभर म्हणत राहिली.

बाईसाठी स्थळं पाहायला लागले तेव्हा वडील तिला घेऊन भाऊंच्या दुकानात आले. मीही सोबत होतो, नुकताच मॅट्रिक झालेला, मिशीची चिंता करणारा. बाई हंसांच्या तलावापुढे बसली, भाऊंनी दिवे लावले, फोटो निघाला. ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्यावर वडील भाऊंच्या कानाशी लागले.

"वण दिसू देजो नको."

भाऊ म्हणाले, "दिसनार नाही. पन काका, पाहुने पाहाले येतीनच ना? तेव्हा काय करसान?"

"येऊ तं दे," वडील म्हणाले. "एकदा घरी आले, तिचा सैपाक खाल्ला, तिचं बोलनं आयकलं, का मंग कोन तोंड पाहाते?"

माझ्या वडिलांचं सगळं गणित त्या एका वाक्यात होतं. ते धानाचे शेतकरी, चार बांध्यांचे, म्हणजे चार भातखाचरांचे मालक. माणसाला दारापर्यंत आणलं की पुढचं काम चांगुलपणा करतो यावर त्यांची श्रद्धा. भाऊंना त्या एका निगेटिव्हला तीन सकाळी लागल्या. एरवी अर्ध्या तासात एक चेहरा उरकणारा माणूस तीन सकाळी खिडकीपाशी बसून होता, एकेक वण भरत. फोटो घरात हातोहात फिरला. फोटोतली मुलगी खरंच सुंदर होती. डोळे बाईचे, कपाळाची ठेवण बाईची, वेणी बाईची. बाकी ती कोण होती, कुणास ठाऊक.

पहिले पाहुणे अड्याळकडचे होते. ओसरीवर सतरंजी, पोहे, चहा. बाई पदर घेऊन आली, पाट ओढून बसली. त्यांच्यातल्या एका वयस्क गृहस्थानं खिशातून आमचा फोटो काढला. फोटोकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं, आणि मग तो अगदी सावकाश, कोपरा दुमडू नये अशी काळजी घेत, परत खिशात ठेवला. चहा मात्र सगळा प्यायले. सज्जन माणसं होती, उगीच वाईट म्हणू नये. "कळवतो" म्हणाले आणि गेले. दुसऱ्या खेपेला असंच झालं. तिसऱ्या खेपेला मुलाची आई फटकळ होती, ती तोंडावरच म्हणाली की हा फोटो दुसऱ्या पोरीचा आहे, धाकटीचा असेल. धाकटी नव्हतीच. मी होतो.

तिसरे पाहुणे गेल्यावर बाईनं कोनाड्यातला फोटो उचलला आणि वडिलांपुढे नेऊन ठेवला. रडली नाही. उलट तिच्या आवाजात मला थोडी गंमतच ऐकू आली. म्हणाली, "बाबा, आता या फोटोतल्या पोरीचंच लगन लावून द्या. मी तिच्या लग्नात भात वाढीन."

त्यानंतर घरात स्थळाचा विषय निघाला नाही. वडिलांचं गणित चुकलं होतं, पण त्यांना ते मान्य करायला तोंड नव्हतं आणि बाईनं त्यांना कधी मान्य करायला लावलं नाही. कुणालाच काही झालं नाही असं आम्ही सगळे वागत राहिलो. आमच्या घराचा तो स्वभावच होता. जिथे दुखतं तिथे बोट लावायचं नाही. बाई पुढे गावच्या अंगणवाडीत लागली. मी मास्तर झालो, आधी मोहाडीकडे, मग भंडाऱ्यात घर केलं, पण सुट्टी लागली की गावी तिच्याकडेच. तिनं गावातल्या दोन पिढ्यांना नाक पुसायला शिकवलं, गाणी शिकवली, खिचडी वाढली. पोरं तिच्या मांडीवर झोपत. फोटोपासून मात्र ती कायमची तुटली. माझ्या लग्नात कॅमेरावाला मांडवात शिरला की ती पंगतीत वाढायला निघून जायची. अल्बमच्या एका पानावर नवरा-नवरीच्या मागे एक कोपर दिसतं, वरणाच्या बादलीसकट. ते तिचं. मतदार ओळखपत्रावर एक फोटो होता, पण त्यावर सगळ्या देशाचे चेहरे सारखेच काळे येत, तेवढी एक समानता आपण साधली.

मध्ये वर्षं गेली. भाऊंच्या दुकानात मी शाळेचे ग्रुप फोटो घेऊन जायचो, रोल विकत घ्यायचो, दर खेपेला ते बाईची विचारपूस करायचे. "कशी हाय बाई?" एवढंच. मी म्हणायचो, बरी आहे. त्यापुढे दोघांनाही जायचं नसे. त्यांनी कुणाचा विश्वासघात केला नव्हता, गिऱ्हाइकानं सांगितलेलं काम केलं होतं. तरी मला वाटतं, जिल्ह्यातल्या शेकडो मुलींच्या चेहऱ्यांतला हा एक चेहरा त्यांना नीट गिळता आला नव्हता.

बाई एका उन्हाळ्यात गेली, कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत गेली. तेरवीला खुर्चीवर फोटो ठेवायचा म्हणून शोधाशोध झाली. घरात तिचा एकच धड फोटो होता, कोनाड्यातला. तोच मोठा करून, फ्रेम करून, हार घालून ठेवला. गाव लोटलं होतं. शेजारची म्हातारी आली; तलावात मासे धरणाऱ्या घरातली, रोज दुपारी बाईच्या पायरीवर येऊन बसणारी. तिनं फुलं वाहायला हात पुढे केला आणि तो तसाच थांबला.

"मास्तर, हे कोन व्हय?"

"बाई."

"कोनती बाई?"

"आपली बाई, माय."

म्हातारी वाकून पाहत राहिली. मग सरळ झाली. "नाही बाप्पा. आपली बाई अशी नोती. बांधीत पानी भरलं रायते अन् वरून थेंब थेंब पाऊस पडून रायला रायते, तसं तिचं तोंड होतं. हे कोनाची पोर आनून ठेवली तुमी?" आणि फुलं तशीच मुठीत घेऊन ती मागे जाऊन बसली. अंगणवाडीतली लहान पोरंही फोटोपुढे अनोळखी घरात आल्यासारखी उभी होती. तीन सकाळींत काढलेला तो सपाट चेहरा हारातून सगळ्यांकडे गोड पाहत होता, आणि ज्या गावात बाई आयुष्य जगली त्या गावात त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. मला शरमेनं मान वर करवेना.

चौदाव्या दिवशी मी भाऊंकडे गेलो. दुकान तेव्हाच ओस पडायला लागलं होतं. कपाटातले कॅमेरे होते पण विचारायला कुणी येत नव्हतं, आणि भाऊ मात्र पुरचुंड्यांतले तांदूळ नेमानं बदलत होते. मी सगळं सांगितलं. हातातली पुरचुंडी त्यांनी कपाटात ठेवली. मग म्हणाले, "मास्तर, ते पेन्सिल हाये. कोरलं नाही मी. काही जन पात्यानं खरवडतात, ते गेलं ते गेलं. पन पेन्सिल टर्पेंटाईनच्या बोळ्यानं पुसली का खाली जसं हाय तसं तोंड हाय. निगेटिव्ह मी कोनाचीच फेकली नाही. पाहातो. काढून ठेवतो."

बाईचा खरा चेहरा या शहरातच कुठेतरी एका डब्यात, पेन्सिलीच्या थराखाली, जसाच्या तसा होता. पाहुण्यांनी नाकारलेला, म्हातारीनं शोधलेला. फक्त एक बोळा फिरवायचा होता. आणि भाऊंनी शब्द पाळला. चार महिन्यांनी रस्त्यात भेटले, म्हणाले, "सापडली. या, पुसून देतो."

मी म्हणालो, येतो.

मी गेलो नाही. का गेलो नाही हे आज प्रामाणिकपणे सांगतो, सांगायला आता कुणाची भीती उरलेली नाही. मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. पाहुणे घरी येणार, बैठकीच्या भिंतीवर आत्याचा फोटो असणार. बायको म्हणाली, "चांगल्या दिसतात की या फोटोत. कायले उगाच?" मी तिच्यावर चिडलो नाही. मला तर ते ऐकून सुटल्यासारखं वाटलं. वडिलांना मी मनातल्या मनात किती वर्षं दोष दिला होता, आणि वेळ आली तेव्हा मीही त्यांचाच मुलगा निघालो. म्हटलं, लग्न होऊ दे. लग्न झालं. मग बाळंतपण, मग माझी बदली, मग निवृत्तीचे कागद. निगेटिव्ह कुठे पळून जाते, असं म्हणत राहिलो. दुकानावरून जाताना भाऊ आतून हात करायचे, मी घाईत आहे असं दाखवायचो.

मग एक दिवस दुकानाच्या दाराला पुठ्ठा लावलेला दिसला. भाऊंच्या वळणदार अक्षरात, "आपापल्या निगेटिव्ह घेऊन जाव्या." तो पुठ्ठा पावसाळाभर लटकत होता म्हणे. मी तेव्हा मुलीकडे पुण्याला होतो. परत आलो तेव्हा पुठ्ठा नव्हता, कपाट नव्हतं, पायऱ्याही फोडून रस्त्याच्या पातळीला आणल्या होत्या. कव्हरवाल्याला विचारलं तर त्याला आधी इथे काय होतं हेच माहीत नव्हतं. शेवटी चौकातल्या पानठेल्यावर कळलं की भाऊ मुलाकडे, भंडाऱ्याजवळच्या शहापूरला राहायला गेले.

यंदाच्या उन्हाळ्यात गेलो एकदाचा. हायवेपासून थोडं आत नवं घर, मुलगा कामावर गेलेला, दुपारची वेळ. भाऊ खाटेवर बसले होते. ज्या डोळ्याला भिंग लावायचे तो पूर्ण गेला होता आणि दुसऱ्याला मधलं दिसत नव्हतं, फक्त कडेकडेचं. तरी आवाजावरून ओळखलं. "मास्तर, लय उशीर केला." रागाचा सूर नव्हता. त्यांनी सुनेला हाक मारली, माळ्यावरची हिरवी पेटी उतरवायला सांगितली.

सुनेनं पेटी उघडली आणि कुबट वासाचा एक भपकारा आला. या घराचा माळा दोन पावसाळे गळत होता, हे त्यांना पेटी उघडेपर्यंत माहीत नव्हतं. पाकिटं एकमेकांना चिकटून वडीसारखी झाली होती. सून बिचारी ओशाळली. भाऊंनी हातानं चाचपून ते ओळखलं. कॅमेऱ्यांना त्यांनी आयुष्यभर तांदूळ भाजून घातले. माणसांचे चेहरे पेटीत आहेत म्हणजे सुखरूप आहेत असं धरून चालले. बाईचं पाकीट मात्र त्यांनी वेगळं ठेवलं होतं, कोपऱ्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी येणार म्हणून. तेवढं एक पाकीट मोकळं निघालं.

पुसायचं काम त्यांनी कुणाला दिलं नाही. टर्पेंटाईनचा बोळा घेतला, निगेटिव्ह डाव्या तळहातावर पसरली, आणि न पाहता, नुसत्या बोटांच्या सवयीनं पुसत राहिले, कपाळापासून खाली. बोळ्यावर शिशाची काळी छटा उतरली. त्या तीन सकाळी. मग त्यांनी निगेटिव्ह मला दिली. मी खिडकीशी धरली, पण उलट्या रंगात माणूस कळत नाही. सुनेनं मोबाइल काढला, निगेटिव्हचा फोटो घेतला, एका बटणावर बोट ठेवलं आणि पांढऱ्याचं काळं, काळ्याचं पांढरं झालं.

बाई. तिचे डोळे, तिचं कपाळ. आणि चेहराभर ठिपके. मला क्षणभर वाटलं, आली. मग नीट पाहिलं. ठिपके गालावर होते तसेच केसांवर होते, पदरावर होते, मागच्या हंसांवरही होते. पेटीतल्या ओलीनं पिशवीच्या आतही बुरशी धरली होती आणि तिनं सगळीकडे सारखंच कुरतडलं होतं. चेहऱ्यावर देवीचा वण कुठला आणि बुरशीचं भोक कुठलं, काही कळेना. मी फोन डोळ्याजवळ नेला, लांब धरला, चष्मा काढून पाहिला. हनुवटीवरचा जो खोल होता तो तिचाच का? डाव्या भुवईजवळ एक होता ना? की उजव्या?

मी भाऊंना एकेक ठिपका सांगायला लागलो, कुठे आहे, केवढा आहे. जगात तो चेहरा इतक्या जवळून, भिंगातून, वणागणिक पाहिलेला हा एकच माणूस उरला होता. विचारलं, "भाऊ, यातले तिचे कोणते?"

त्यांनी मान हलवली. "नाही सांगता येत, मास्तर. मी भरत होतो, पाहात नोतो. एक भरला का दुसऱ्याकडे जाचं. कोनाचं तोंड हाय हे पाहालं असतं, तं पेन्सिल चालली नसती."

सुनेनं चहा दिला, मी प्यालो. ती म्हणाली, "काका, फोनमध्ये डाग काढता येतात, काढून देऊ का?" मनापासून म्हणाली. मी नको म्हटलं. आताचे फोन तर न विचारताच चेहरे सपाट करतात. जे करायला भाऊंना तीन सकाळी लागल्या, ते डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात होतं आणि कुणाला कळतही नाही. निगेटिव्हसुद्धा मागे राहत नाही, पुसून पाहावं असं खाली काही नसतंच. तीन दुकानं गेली म्हणून मी हळहळतो खरा, पण त्यांनी माझ्या घरचं काय राखलं? शेजारची म्हातारी असती तर तिनं बोट ठेवून सांगितलं असतं, हा तिचा, हा नाही. ती जाऊन तीन वर्षं झाली.

ती निगेटिव्ह आता माझ्या कपाटात आहे. भिंतीवरचा फोटो मी उतरवला, त्या जागी काही लावलं नाही. भावानं बहिणीचा चेहरा विसरावा, असं कसं होईल, असं तुम्हाला वाटेल. विसरलो नाही मी. विसरायला आधी तो पाहायला हवा. बाईला वाईट वाटू नये म्हणून आमच्या घरात तिच्याशी बोलताना सगळे नजर खाली ठेवत. आई, वडील, मी, नंतर माझी बायको. मायेनंच ठेवत. तिचे हात मी आजही जसेच्या तसे सांगेन, विळ्याची खूण कुठल्या बोटावर होती तेसुद्धा. नोकरीचं पत्र आलं त्या दुपारची गोष्ट. ती ओसरीवर सुपात तांदूळ निवडत बसली होती, आणि मी समोर बसून त्या सुपाकडे पाहत पाहत तिला सगळं सांगत होतो, शाळा कुठली, गाव कुठलं, रुजू कधी व्हायचं. तिचे हात थांबले. म्हणाली, "अरे, तांदळाशी बोलून रायला का माह्याशी? पाह्य ना माह्याकडे."

मी हसलो. वर पाहिलं नाही.